निळ्या पुठ्ठ्याची वही : नागपूर-कामठीतला एक फुटबॉलचा रविवार

महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूर सोडते आणि मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा करत नागपूरला पोचते. हजार किलोमीटरहून जास्त अंतर जायचं, पण राज्याबाहेर एक पाऊल पडत नाही. जानेवारीतल्या त्या शुक्रवारी मी या गाडीत बसलो त्याला कारण माझी भाची. चौदा वर्षांची आहे, फुटबॉलमध्ये लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूनं बचावाला खेळते. दिवाळीत फोनवर म्हणाली होती, "मामा, तू रोज शाहू स्टेडियमवर जातोस. माझं ग्राउंड तू कधी पाहिलंसच नाही." ते मनाला लागलं. तिचं म्हणणं खरंच होतं.

माझं फुटबॉल म्हणजे पेठांचं. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस ही तालमी-मंडळांच्या टीमची नावं कोल्हापूरच्या माणसाला कुणी शिकवावी लागत नाहीत. केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग सुरू झाली की ऑफिसातून लवकर निघायची कारणं आम्ही आठवडाभर आधी तयार ठेवतो. गॅलरीत हजारोंनी माणूस, ढोल, हलग्या, आणि मॅच संपली तरी रात्री कट्ट्यावर तीच मॅच पुन्हा. फुटबॉल असाच बघायचा असतो, असं मला वाटायचं.

ताई आणि दाजी अजनीला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहतात. दाजी लोकोशेडमध्ये. ताई लग्नानंतर पंधरा वर्षांत पुरती नागपूरची झालीय. फोनवर "हो"च्या जागी तिचं "हव" ऐकायची सवय होती, समोरासमोर ऐकताना मात्र गंमत वाटली. शनिवारी रात्री जेवताना दाजींनी दुसऱ्या दिवसाचा बेत सांगितला. सकाळी सहाला पोरींची प्रॅक्टिस, मग तर्री पोहे, दुपारी कामठी. दाजींच्या क्लबची मॅच कामठीच्या एका टीमबरोबर होती. "आणि काकांना भेटायचं," दाजी म्हणाले. "त्यांच्याकडं वही आहे."

सकाळी धुकं होतं. विदर्भातली थंडी कोरडी असते, अंगापेक्षा ओठांना आधी कळते. मैदानावर चुन्याच्या रेषा अर्धवट पुसलेल्या, एका गोलपोस्टला जाळी, दुसऱ्याला नुसते खांब. एकवीस पोरी पळत होत्या. भाचीच्या उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला होता. तो तिनं रात्री फेविक्विकनं चिकटवला होता आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी ओढून बसवली होती. मी म्हटलं, नवे घेऊया. ती म्हणाली, "थांब, सुब्रतोच्या आधी घेऊ. नवे आत्ता झिजवून काय करू?" सुब्रतो म्हणजे १९६० पासून चालणारी शाळांची सुब्रतो कप स्पर्धा. शाळेत फुटबॉल खेळणाऱ्या पोरांचं वर्ष तिच्याच भोवती फिरतं. आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य, आणि राज्य जिंकलं तर दिल्ली.

तिच्या हाती पहिला बॉल आला तो दिवस मला आठवतो. १५ सप्टेंबर २०१७. भारतात सतरा वर्षांखालच्यांचा वर्ल्ड कप होणार होता आणि त्याच्या आधी महाराष्ट्रात एका दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचं ठरलं होतं. शाळाशाळांत बॉल गेले. भाची तेव्हा पहिलीत होती. ताईनं फोटो पाठवला होता, बॉल तिच्या गुडघ्याच्याही वर येत होता. असे कार्यक्रम दुसऱ्या दिवशी विसरले जातात, अशी कुरकूर मीही तेव्हा केली होती. पण त्या एका बॉलनं एक लेफ्ट बॅक तयार केली, हे मी आता डोळ्यांनी बघत होतो.

प्रॅक्टिस बघायला आलेल्या एका बाईंची पोरगी आधी स्लम सॉकरच्या मैदानावर खेळायची. नागपूरच्या फुटबॉलबद्दल बोलायचं तर हे नाव टाळता येत नाही. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडताना पाहिली आणि त्यांच्या हाती बॉल दिला. त्यातून जे उभं राहिलं, त्यातली पोरं पुढं होमलेस वर्ल्ड कपपर्यंत पोचली आणि २०१६ मध्ये संस्थेला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. बाईंना पुरस्काराचं फारसं काही नव्हतं. त्या सांगत होत्या, "पोरगी आधी मान वर करून बोलत नव्हती. आता रेफ्रीशी भांडते." आणि हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की मीही त्यांच्याबरोबर हसलो.

तर्री पोह्यांच्या गाडीवर क्लबची मंडळी जमली. पोह्यांवर चण्याचा तो लालभडक रस्सा, वर कांदा, शेव. आमच्या कटाच्या जातीचा, पण चव निराळी. इथंच मला काका भेटले. रेल्वेतून निवृत्त, वय सत्तरीपार, डोक्याला मफलर. सगळे त्यांना काकाच म्हणतात. काखेत निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही.

मला वाटलं होतं, आता दुपारच्या मॅचवर चर्चा होणार. कोण जिंकणार, समोरच्यांची कशी जिरवायची. आमच्याकडं तेच चालतं. इथं पहिली वीस मिनिटं एका पोराच्या गुडघ्यावर गेली.

"एमआरआय झाला का त्याचा?"

"हव, झाला. लिगामेंट नाही तुटलं म्हणे. सूज आहे."

"मग त्याले सांगा, घरी बस म्हणा. मागच्या वेळी असाच खेळून राहिला होता अन् वर्ष गेलं."

"त्याची बारावी आहे काका, तसाही बसणारच तो."

"बसू दे. पोट्टं पास झालं पाहिजे आधी."

मग दुसरा पोरगा. त्याच्या वडिलांची कामाची पाळी बदलली, आता त्याला सकाळी मैदानावर कोण सोडणार? एकानं जबाबदारी घेतली. मग गोलकीपरचे ग्लोव्हज. मग सतरा वर्षांचा एक डावखुरा विंगर. त्याला आज सीनियरच्या टीममध्ये पहिल्यांदा घेतलं होतं. उतरवणार का, किती मिनिटं? यावर दोन तट पडले आणि आवाज चढले. एकाचं म्हणणं, कामठीच्या मैदानावर पहिल्यांदा उतरवणं म्हणजे पोराला वाघापुढं टाकणं. दुसरा म्हणाला, "तिथं नाही खेळला तर कुठं शिकन तो?" काका गप्प. त्यांनी वही उघडली, पान काढलं आणि माझ्यापुढं सरकवली.

एका पोराला एक पान. नाव, जन्मतारीख, शाळा, आईचा फोन, कोणता पाय, उंची. उंचीपुढं तारखा घातलेल्या, दर सहा महिन्यांनी एक. त्या डावखुऱ्याची उंची चार फूट अकरापासून सुरू होत होती. खाली बारीक अक्षरात : "उजवा पाय कच्चा. कॉर्नर चांगला. पडला की रडत नाही." पानाला जन्मदाखल्याची झेरॉक्स टाचणीनं लावलेली. मी विचारलं, झेरॉक्स कशाला? काका म्हणाले, "वय, भाऊ. स्पर्धेत मनगटाचा एक्स-रे काढतात, हाडाचं वय पाहतात. कागद अन् हाड जुळलं नाही तर पोट्टं घरी. कागद नाही म्हणून माह्या डोळ्यांदेखत दोन पोरं गेली."

त्यांनी मग मला अनिकेत जाधवबद्दल विचारलं. आमच्या कोल्हापूरचा पोरगा, २०१७ च्या त्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला. तो घरून कधी बाहेर पडला, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत कसा गेला, घरच्यांनी कसं सोडलं? मला जेवढं ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं. आमच्यात पेठ कुठली, तालीम कुठली हे सगळे विचारतात, पोरगा घराबाहेर किती वर्षांचा असताना पडला हे मला आजवर कुणीही विचारलं नव्हतं.

दुपारच्या बेताला पाचच मिनिटं लागली. ढोल मोटारसायकलवर जाणार. पाण्याचा जार आणि बर्फ रिक्षात. संत्री ज्याच्या घरी जास्त त्यानं आणायची. बाकी सगळे मेट्रोनं.

अजनी चौकातून आम्ही चौदा जण ऑरेंज लाईननं निघालो. सीताबर्डीला निम्मा डबा बदलला. गड्डीगोदामला दाजींनी मला खिडकीशी ओढलं. खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांत वर आम्ही. दाजी रेल्वेचे, त्यामुळं रुळांवरून रूळ कसे नेले हे त्यांनी मला दोन स्टेशनं सांगितलं. ऑटोमोटिव्ह चौकात मेट्रो संपते, पुढं शेअर ऑटो.

कामठी ही इंग्रजांनी १८२१ मध्ये वसवलेली छावणी. आजही लष्कर आहे, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र इथंच. फुटबॉल गोऱ्या शिपायांकडून गावात आला असं इथले लोक सांगतात आणि गल्लीतून चालताना ते पटतं. एका घराच्या ओट्यावर म्हातारे गृहस्थ बुटांना तेल लावत बसले होते. पुढं चार पोरं विटांचे गोलपोस्ट करून खेळत होती. आमच्या बाजूच्या एकानं बॉल अडवून परत मारला तर त्यातल्या लहानग्यानं तो छातीवर घेतला, खाली पडू न देता पुढच्याला दिला आणि आमच्याकडं बघितलंही नाही. कामठीच्या रब्बानी फुटबॉल क्लबचं नाव नागपुरात ज्या आदरानं घेतात, त्याचं मूळ मला त्या गल्लीत सापडलं.

रब्बानी ग्राउंडवर माणसं पाचेकशे असतील. सुरुवातीला मला ते रिकामं वाटलं. मग लक्षात आलं की इथं आवाज वेगळा आहे. आमच्याकडं गॅलरी क्लबचं नाव घेते, इथं पोरांची नावं. समोरच्या टीमच्या पोरांचीही. कामठीच्या राइट बॅकनं सुंदर टॅकल केला तेव्हा आमच्या बाजूचे काका मनापासून म्हणाले, "वा बेटा!" कोल्हापुरात असं कुणी म्हटलं असतं तर शेजारच्यानं त्याच्याकडं वळून पाहिलं असतं.

कामठीनं अकराव्या मिनिटाला गोल केला. त्यांचे पास छोटे, बॉल जमिनीवर, आमची पोरं नुसती मागं धावत होती. हाफ टाइमला संत्र्यांची पिशवी आली. सोललेल्या फोडी स्टीलच्या डब्यात, वर चिमूटभर मीठ. खेळाडूंना आधी, मग रेफ्रींना, मग उरलेल्या आम्हाला. ती फोड मी कधी विसरणार नाही. थंडीतल्या त्या उन्हात पाण्यापेक्षा गार लागली.

पासष्टाव्या मिनिटाला दुसरा गोल बसला आणि लगेच तो डावखुरा उठला. बनियन आत खोचताना त्याची बोटं थरथरत होती. काका रेषेपाशी गेले. काही बोलले नाहीत. वाकून त्याच्या डाव्या बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली, दुहेरी गाठ. पोरगा आत गेला.

पहिले दोन बॉल त्याच्याकडून गेले. तिसऱ्या वेळी त्यानं त्याच राइट बॅकला बाहेरून काढलं आणि कॉर्नर मिळवला. बॉल ठेवला, दोन पावलं मागं गेला. डाव्या बाजूचा कॉर्नर डाव्या पायानं, म्हणजे बॉल गोलपासून बाहेर वळत जाणार. तो वळला. गोलकीपर पुढं आला, चुकला, आणि आमच्या सेंटर बॅकनं डोकं लावलं. २-१. ढोलवाला इतका वेळ गप्प होता, त्यानं मग मॅच संपेपर्यंत हात थांबवला नाही. आम्ही हरलो. शेवटच्या मिनिटाला त्या पोराचा फटका बारला लागून गेला. त्या आवाजानं अख्खं मैदान एकदम उसासलं, कामठीवालेही.

चहाच्या टपरीवर दोन्हीकडची माणसं एकत्र बसली. बोलणं पुन्हा पोरांवरच. मुंबई, पुणे इथून दूर, ट्रायलला एका पोराला पाठवायचं तर तिकीट, राहणं, सोबत कुणीतरी मोठं. आणि खेळून पुढं काय? सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के जागा असतात, पण त्या राज्य, राष्ट्रीय पातळीवर नंबर काढलेल्यांना. म्हणून प्रमाणपत्र जपायचं, पडताळणी करून घ्यायची. रेल्वे, पोलीस यांच्या भरतीवर डोळे ठेवायचे. कामठीचे एक भाई म्हणाले, "एकविसाव्या वर्षी पोरगा फुटबॉल सोडतो तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखं वाटतं. आणि त्याला थांब म्हणायचं तोंड नसतं, कारण त्याच्या घरी भाडं थकलेलं असतं." कुणी काही बोललं नाही. काकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि मला विचारलं, "तुमच्या तालमी बाहेरची पोरं घेतात ना?"

घेतात, म्हटलं. आमच्याकडं बाहेरून, अगदी परदेशातून खेळाडू येतात. राहायची, जेवायची सोय होते.

"या पोराले एक सीझन मिळेल का? बारावीनंतर. हजारो लोकांपुढं खेळला तर त्याची भीती मरन."

मी माझा नंबर सांगितला. त्यांनी तो पोराच्या पानावर, जन्मदाखल्याच्या शेजारी लिहून घेतला.

परतीच्या गाडीत वर्धा मागं पडल्यावर मी आमच्या तालमीतल्या माणसाला फोन लावला. डावखुरा म्हटल्यावर तो जागा झाला. "उंची किती आहे, भावा?" मला आठवेना. दाजींना फोन केला. पलीकडं भाची होती, मैदानावरून नुकतीच आलेली, धापा टाकत.

"पाच सात," ती म्हणाली. "काकांनी आजच मोजली."