राजगड ते तोरणा: सोंडेवरचा एक दिवस

भुतोंडे खिंडीतल्या डांबरी रस्त्यावर उतरलो तेव्हा पावणेअकरा वाजले होते. तीन लिटरपैकी माझ्याकडे सव्वा लिटर पाणी उरलं होतं आणि तोरण्याची बुधला माची पहाटे जितकी लांब दिसली होती, तितकीच आताही दिसत होती. इथून रस्त्यानं थेट वेल्ह्याला, म्हणजे तोरण्याच्या पायथ्याच्या गावाला, जाता आलं असतं. भाच्यानं तसं विचारलंही. मी नको म्हटलं, पण ते 'नको' तोंडातून निघायला वेळ लागला.

मी सोलापूरची. आमचं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरवर, सगळा सपाट माळ. तोरण्याचा माथा १४०३ मीटर. म्हणून तीन महिने पहाटे सिद्धेश्वर तलावाकडे चालायला जायचे आणि आल्यावर पाठीवर सात किलोची सॅक घेऊन आमच्या इमारतीचे पाच मजले चढायचे. आदल्या दिवशी हुतात्मा एक्स्प्रेसनं पुणे, स्वारगेटहून पुढं गुंजवणे, संध्याकाळी चोर दरवाजानं राजगड, रात्री पद्मावतीच्या देवळात मुक्काम. तो चढ नीट जमला. मला वाटलं, अवघड ते झालं.

पण राजगड आणि तोरणा एका डोंगरसोंडेनं जोडलेले आहेत आणि ती सोंड बारा-चौदा किलोमीटर चालायची असते. संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून बाहेर पडलं की वाट एकदम खाली सुटते. जानेवारीचा शेवट, गवत वाळून पिवळं झालेलं, त्याखाली सुटा मुरूम. बूट धरतच नव्हते. जिन्यानं मांड्या तयार केल्या होत्या खऱ्या, पण जिन्याची पायरी पायाखालून सरकत नाही. मी तीनदा घसरून बसले, उजवा तळहात सोलला. भाचा खाली उभा राहून ओरडत होता, "मावशी, आडवी हो, आधी टाच रोव!" आडवं उतरायला लागल्यावर जमलं. थोडं सावरून मागं पाहिलं, तर वर माचीची दुहेरी तटबंदी वळणं घेत गेलेली. एवढ्या वर हे दगड चढवणाऱ्यांच्या पायांचा विचार मी त्या दिवशी पुन्हा पुन्हा केला.

पाण्याचा हिशेब मात्र माझाच चुकला. एप्रिल-मेमध्ये ४३-४४ अंश बघणाऱ्या माणसाला जानेवारीचं ऊन काय करणार, असं मी धरून चालले होते. सोलापुरात ते ऊन आपण दार लोटून, पंख्याखाली बसून काढतो, हे लक्षातच आलं नाही. खिंड ओलांडल्यावर पुन्हा चढ, मधे झाडी, मग उघडा दांड, परत चढ. साडेबाराला डोळ्यांपुढं काजवे चमकले. मी धोंड्यावर टेकले.

"पाय आखडायलेत म्हणतीस आणि बसायलीस?" भाचा म्हणाला. दरवर्षी सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत तो नंदीध्वजाची उंच, जड काठी धरतो, ओझं घेऊन चालायची त्याला सवय. त्यानं माझी सॅक पुढं छातीवर अडकवली आणि म्हणाला, "चाळीस पावलं चाल, मग उभ्यानंच दहा श्वास घे. बाकी काही बघू नको." तसंच केलं.

खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती. आठवडाभर टिकते, वजनाला हलकी, म्हणून मोठ्या विश्वासानं आणलेली. पण कोरड्या तोंडात ती फिरेचना. पुढं सोंडेवर एक एकटं घर लागलं. ओसरीवरच्या आजींनी विचारलं, "कुठनं आलासा?" सोलापूर म्हटल्यावर त्यांनी न मागता तांब्याभर ताक आणलं, वर मिठाचा खडा. त्या ताकात आम्ही कडक भाकरी चुरली. घरी ती आमटीत चुरतो, तशीच. चार घासांत डोकं ठिकाणावर आलं. आजींना आम्ही अर्धी चटणी दिली, त्यांनी ती बोटानं चाखून, "लसूण झकास," म्हणत डब्यात भरून ठेवली. बाटल्याही भरून दिल्या.

बुधल्याखालचा चढ तरीही सोपा झाला नाही. शेवटच्या लोखंडी शिडीवर माझे हात थरथरत होते. अडीच वाजता माचीवर पाय ठेवला, पुढं तासाभरानं मेंगाईच्या देवळात जाऊन पडले. फरशी इतकी गार होती की अर्धा तास उठवेना.

वेल्ह्यात उतरेपर्यंत अंधार झाला. बूट काढले तर दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडलेली, कारण उतारावर बोटं पुढं आपटत राहिली. बूट अर्धा नंबर मोठा घ्यायला हवा होता आणि सरावही उतरायचा करायला हवा होता. आता मी सॅक पाठीवर घेऊन लिफ्टनं पाचव्या मजल्यावर जाते आणि जिन्यानं खाली येते. रोज आठ वेळा.