रोजची गाडी आणि घाटातली गाडी एकच असू शकते का?

मी वाहनांच्या सस्पेन्शनवर, म्हणजे चाके आणि बॉडी यांच्यामधल्या स्प्रिंग-शॉकअपच्या यंत्रणेवर, काम करते हे कळले, की पुण्यातली माणसे मला हमखास एकच प्रश्न विचारतात. स्पोर्ट्स कार घ्यायचे मनात आहे, परंतु ती रोज कोथरूडहून हिंजवडीला न्यायची आहे आणि रविवारी सकाळी ताम्हिणी घाटात मनसोक्त चालवायचीही आहे. तर हे दोन्ही एका गाडीत जमते, की आराम आणि थरार यांपैकी एकावर पाणी सोडावेच लागते? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून या वेळी सविस्तर लिहिते. एकावर पाणी सोडावेच लागते, हा समज माझ्या मते बराचसा चुकीचा आहे. गाडी हलकी असेल आणि तिचे सस्पेन्शन जाणत्या हातांनी जुळवलेले असेल, तर जो गुण तुमच्या पाठीला सुख देतो, तोच गुण वळणावर गाडीला रस्ता धरायला लावतो. सोडाव्या लागणाऱ्या गोष्टी आहेतच, पण त्या बहुतेकांना वाटतात त्या नव्हेत.

गाडी जितकी कडक तितकी ती स्पोर्टी, ही समजूत रेसट्रॅकवरून आपल्याकडे आली आहे. ट्रॅकचा पृष्ठभाग सपाट असतो आणि हवेच्या दाबाने रस्त्याला चिकटणाऱ्या रेसकारची जमिनीपासूनची उंची जराही बदलून चालत नाही, म्हणून तिथे स्प्रिंग अतिशय कडक ठेवणे योग्यच असते. रस्त्यावरच्या गाडीचे गणित निराळे आहे. गाडीचे सगळे वजन, ब्रेक आणि वळण हे चार टायरांच्या जमिनीला टेकलेल्या तळहाताएवढ्या चार तुकड्यांवर अवलंबून असते, आणि चाक उडून हवेत असेल तेवढा वेळ त्या तुकड्याचा काहीही उपयोग नसतो. साध्या प्रवासी गाडीची बॉडी तिच्या स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वर-खाली होते. स्पोर्ट्स कारमध्ये हा आकडा दोनच्या आसपास किंवा त्याहून वर जातो. तो जसा वाढतो तसे रस्त्याचे बारीकसारीक उंचवटे चाकापाशी न जिरता थेट सीटपर्यंत पोहोचू लागतात. बसलेल्या माणसाच्या शरीराला उभ्या दिशेने सेकंदाला चार ते आठ वेळा बसणारे हादरे सर्वांत जास्त जाणवतात, असे आयएसओ 2631 हे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. आता काँक्रीटच्या रस्त्याचे उदाहरण घ्या. अशा रस्त्यावर आडवे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी 100 किलोमीटरने जाताना असे सांधे सेकंदाला सहा या हिशेबाने चाकाखालून जातात, म्हणजे नेमके त्या चार ते आठच्या मधोमध. कडक गाडीतून मुंबईला जाऊन आलेल्या माणसाची पाठ का धरते, याचे मोठे कारण हे आहे.

आराम हा या प्रश्नाचा अर्धाच भाग झाला. ताम्हिणीत पावसाळ्यानंतर वळणाच्या ऐन मध्यावर बुजवलेले खड्डे असतात. जुने डांबर आणि नवा थर यांच्यामध्ये दोन बोटांची पायरी राहिलेली असते. खाली बसवलेल्या कडक स्प्रिंगची गाडी अशा पायरीवर आली की मागचे चाक उडते, गाडीचा पार्श्वभाग वीतभर बाहेर सरकतो आणि चालवणारा नकळत अॅक्सिलरेटरवरून पाय काढतो. त्याच वळणावर, त्याच वेगात, मऊ स्प्रिंगची पण चांगल्या डँपरची (म्हणजे शॉकअपची) गाडी एकदा दबते, एकदा वर येते आणि तिथेच स्थिरावते. स्टिअरिंगवर पायरीची पुसटशी खबर येते, हात मात्र जागचा हलवावा लागत नाही. मी दोन्ही प्रकारच्या गाड्यांत बसले आहे आणि चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसतो तो दुसऱ्या गाडीत. पहिल्या गाडीत भीती वाटते, आणि पुष्कळ जण त्या भीतीलाच थरार समजतात. (घाट हा रेसट्रॅक नाही, हे वेगळे सांगायला नको, पुढच्या वळणाआड गुरे असतात, शाळेला निघालेली मुले असतात. मी म्हणते ती मजा वेगमर्यादेच्या आतच भरपूर मिळते.)

मऊपणा म्हणजे डुलणे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. स्प्रिंग गाडीचे वजन पेलते आणि तिची हालचाल आवरण्याचे काम डँपर करतो, ज्याला आपण गॅरेजमध्ये शॉकअप म्हणतो. डँपर कमकुवत असेल तर मऊ गाडी नावेसारखी झुलते आणि लोक त्याचे खापर स्प्रिंगवर फोडतात.

ज्यांनी हे नीट ओळखले, त्या गाड्यांकडे पाहा. फ्रान्सची अल्पाइन ए110 ही 2017 साली आलेली गाडी सुमारे 1100 किलोची आहे आणि तिचे स्प्रिंग स्पोर्ट्स कारच्या मानाने मऊ आहेत. तिच्या चारही चाकांना डबल विशबोन मांडणी आहे, म्हणजे प्रत्येक चाक वर आणि खाली अशा दोन आडव्या भुजांनी धरलेले आहे, त्यामुळे वळणावर बॉडी कलली तरी टायर रस्त्यावर पुरेसा सपाट राहतो आणि कलणे थांबवण्यासाठी गाडी लाकडासारखी ताठ करावी लागत नाही. 1989 साली आलेली पहिली माझ्दा एमएक्स-5 एक टनाहूनही हलकी होती आणि तिची ताकद बेताची होती, तरी जगभरच्या चालकांनी तिच्यावर जीव लावला. होंडाच्या एनएसएक्सची गोष्ट मला विशेष शिकवणारी वाटते. 1989 साली सुझुका ट्रॅकवर फॉर्म्युला वनचा चालक आयर्टन सेनाने तिचा नमुना चालवून पाहिला आणि त्याला तो काहीसा नाजूक वाटला. त्यानंतर होंडाने तिचा अॅल्युमिनियमचा सांगाडा आणखी कडक केला. कडकपणाची खरी जागा तीच आहे. सांगाडा पिळला जात नसेल, तर स्प्रिंग आणि डँपर आपले काम बिनचूक करतात आणि त्यांना विनाकारण ताठ ठेवावे लागत नाही. 1990 मध्ये बाजारात आलेली ही गाडी रोज वापरता येणारी सुपरकार म्हणून नावाजली गेली, ती काचांतून चौफेर दिसणाऱ्या रस्त्यामुळे आणि अशा विचारामुळे.

वजन एकदा वाढले, की मात्र इलेक्ट्रॉनिक्सचा आधार घ्यावा लागतो. 2002 साली कॅडिलॅकमध्ये प्रथम आलेल्या मॅग्नेराइड डँपरच्या तेलात लोखंडाचे सूक्ष्म कण असतात. चुंबकीय क्षेत्र बदलले की ते तेल क्षणार्धात घट्ट किंवा पातळ झाल्यासारखे वागते. फेरारीने 430 स्कुडेरियामध्ये 2007 साली इंजिन आणि गिअर यांची आक्रमक सेटिंग कायम ठेवून डँपर तेवढे मऊ करण्याची सोय दिली, आणि ही सूचना मायकेल शूमाकरची होती. फॉर्म्युला वनच्या सात वेळच्या जगज्जेत्याला खराब रस्त्यावर मऊ डँपर हवा असतो, यावर मी आणखी काय बोलावे? तुमच्या गाडीत मोड निवडण्याची सोय असेल, तर इंजिन आणि स्टिअरिंग स्पोर्टवर ठेवा, डँपर कम्फर्टवर ठेवा आणि तसेच ताम्हिणीत जा.

आता खरोखर सोडाव्या लागणाऱ्या गोष्टी. पहिली म्हणजे मोठी चाके, आणि ती सोडताना लोकांच्या जिवावर येते. 205/55 या मापाच्या टायरची रिमपासून जमिनीपर्यंतची जाडी सुमारे 113 मिलिमीटर भरते, तर 245/35 या मापाची फक्त 86. खड्ड्याचा पहिला मार टायरची ही जाडीच झेलते. ती कमी झाली की अलॉय वाकतात, टायरला फुगे येतात, आणि वर मोठे चाक बहुधा जडही असल्यामुळे ते सावरताना डँपरची दमछाक होते. शोरूममध्ये एक इंच लहान चाकाचा पर्याय असेल, तर तो डोळे मिटून घ्यावा.

दुसरी अडचण जमिनीपासूनच्या उंचीची, आणि तिचा दोष मी गाडीला देत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने सांगितलेला गतिरोधक 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच आणि 17 मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये 2.45 मीटर अंतर असलेली गाडी त्यावर चढली, की तिच्या पोटाखाली जेमतेम साडेचार सेंटिमीटरचा उंचवटा येतो. पोट जमिनीपासून 12 सेंटिमीटर उंच असलेली स्पोर्ट्स कार तो सहज, न घासता ओलांडते. परंतु आपल्या सोसायट्यांसमोर आणि गल्लीबोळांत रातोरात उभे राहणारे अरुंद, उभट उंचवटे कोणत्याच मापात बसत नाहीत. पोर्शे 911 सारख्या गाडीत नाक चारेक सेंटिमीटर उचलण्याची यंत्रणा घेता येते आणि नवीन गाड्यांत ती यंत्रणा अशा उंचवट्याची जागा लक्षात ठेवून नाक स्वतःहून उचलते. परवडत असेल तर ती जरूर घ्या. नसेल तर कमी उंचीच्या गाडीचा नाद रोजच्या वापरासाठी तरी सोडा. टायरचा आवाज, आत-बाहेर करताना मोडणारी कंबर, तुटपुंजी डिकी यांची सवय होते.

एवढे पैसे कुणाकडे आहेत, असे तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबर आहे. पण या विचाराच्या गाड्या आपल्या अंगणातच बनत होत्या. चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय आणि रांजणगावला बनलेली, 145 अश्वशक्तीची अबार्थ पुंटो यांना कोणी स्पोर्ट्स कार म्हणणार नाही, तरी पौड रस्त्यावर मला त्यांनी दिलेला आनंद खरा होता. दोन्हींचे उत्पादन बंद झाले असले, तरी जुन्या बाजारात चांगली निगा राखलेली गाडी शोधता येते. ती घेताना आधी डँपर आणि बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबर) तपासा आणि कुणी कापलेल्या स्प्रिंग बसवल्या असतील तर तिथूनच परत फिरा.

नवी गाडी घेणार असाल, तर चाचणीसाठी शोरूमवाला नेतो त्या गुळगुळीत रस्त्यावर समाधान मानू नका. तुमच्या रोजच्या रस्त्याचा सर्वांत वाईट तुकडा निवडा, तिथे ताशी 40 ने सरळ जा आणि स्टिअरिंग हलकेच धरून ठेवा. खड्ड्यानंतर गाडी किती वेळा हलते ते मोजा. एकदा हलून थांबली तर डँपर चांगला आहे, दोन-तीनदा हलली तर सैल आहे, आणि अजिबात न हलता नुसतीच आपटली तर तो खड्डा तुमच्या पाठीला रोज भेटणार आहे. मग एखाद्या उखडलेल्या वळणावर तीच गाडी सावकाश वळवून पाहा आणि चाक जमीन सोडते का, एवढ्याकडेच लक्ष ठेवा.