मागच्या ब्रेकची हवा लिफ्टवर काढू देऊ नका

एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या जुन्या गाडीचा ब्रेक प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, म्हणजे मागच्या ब्रेकला जाणारं तेलाचं प्रेशर कमी ठेवणारा व्हॉल्व्ह, बदलून घेतला. बसवायला तासभर लागला, पण पेडल पुन्हा घट्ट व्हायला चार दिवस गेले. त्याचा राग अजून गेलेला नाही, कारण गॅरेजने एकच चूक तीनदा केली.

मूळ तक्रार अशी : पावसात घोडबंदर रोडवर रिकाम्या गाडीचा ब्रेक जोरात दाबला की मागची चाकं आधी जाम व्हायची आणि गाडी शेपटाकडून फिरू लागायची. आधी मागचे ब्रेक शू बदलले, काही उपयोग झाला नाही. ब्रेक लागताना वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात. त्यांना पुढच्याइतकंच प्रेशर दिलं तर ती घसरणारच. म्हणून ठरावीक प्रेशरपर्यंत पुढे-मागे सारखं जातं आणि त्यानंतर व्हॉल्व्हमधला पिस्टन मागची वाट आवळतो. पुढे दहा बार वाढले तर मागे साधारण तीन-चारच वाढतात.

माझ्या गाडीत लोड सेन्सिंग, म्हणजे गाडीतलं वजन ओळखणारा प्रकार होता. त्याची लिव्हर स्प्रिंगने मागच्या एक्सलला जोडलेली असते. गाडी भरून बॉडी खाली बसली की स्प्रिंगचा जोर वाढतो आणि मागे जास्त प्रेशर मिळतं. खाडीकाठच्या खारट हवेने लिव्हरचा बुश गंजला आणि लिव्हर 'गाडी भरलेली' या जागी अडकून बसली. मागच्या सीटवर तिघांना बसवा, उतरवा आणि खालून पाहा : लिव्हर हलली नाही तर दोष तिथेच आहे.

आता हवा काढण्याचं. व्हॉल्व्ह बदलताना पाइप सोडले की तेलात हवा शिरते आणि ती निघेपर्यंत पेडल मऊच राहतं. गाडी लिफ्टवर उचलली की एक्सल लोंबतो, स्प्रिंग ढिली पडते आणि व्हॉल्व्हला गाडी अगदी रिकामी वाटते. त्यात मेकॅनिक पेडल जोरात मारतो, मग पिस्टन लगेच वाट आवळतो. तेल अडखळत जातं, हवेचे बुडबुडे आतच राहतात. तिन्ही वेळा हेच झालं आणि दरवेळी मास्टर सिलिंडरवर (पेडल दाबलं की तेल ढकलणारा भाग) संशय घेतला गेला. चौथ्यांदा गाडी रॅम्पवर, चाकांवर उभी ठेवायला लावली. पेडल सावकाश दाबायचं, निपल (चाकाजवळचा हवा सोडायचा स्क्रू) उघडायचा, तो बंद झाल्यावरच पाय उचलायचा. व्हॉल्व्हला स्वतःचा निपल असेल तर तोही सोडू नका. अर्ध्या तासात पेडल घट्ट झालं! मधे रिझर्व्हॉयर, म्हणजे ब्रेक तेलाची टाकी, रिकामा झाला तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं, म्हणून एक लिटर तेल जवळ ठेवा. झाकणावर लिहिलेल्या डॉट ग्रेडचंच घ्या. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

हे आधीच सांगायला हवं होतं : जुना व्हॉल्व्ह काढण्यापूर्वी स्प्रिंगची लांबी मोजून लिहून ठेवा, ॲडजस्टिंग बोल्टवर खूण करा. पाइपचे नट आदल्या रात्री गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवा आणि फ्लेअर नट स्पॅनरनेच (पाइपच्या नटाला जवळपास सगळीकडून धरणारा पाना) सोडवा. साध्या पान्याने कोपरे झिजतात, मग पूर्ण पाइप बदलावा लागतो. व्हॉल्व्ह उघडून दुरुस्त करायला देऊ नका, अख्खा बदला. मागे सस्पेन्शनच्या जास्त उंच स्प्रिंग बसवल्या असतील तर लिव्हरची सेटिंगही चुकते.

सेटिंग अंदाजाने करू नका. पुढच्या आणि मागच्या निपलला प्रेशर गेज लावून आकडे त्या मॉडेलच्या मॅन्युअलशी जुळवायला लावा. मगच मोकळ्या, कोरड्या जागेत रिकामी गाडी हळू वेगात जोरात थांबवून पाहा. पुढची चाकं आधी जाम व्हायला हवीत.