डिस्चार्जनंतरचा फोन

वॉर्डात असताना पेशंट सिगारेट ओढत नाही यात आमचं फार कौतुक नाही हो. तिथे ओढायला परवानगीच नसते, बाजूच्या बेडवर कुणाला तरी ऑक्सिजन लावलेला असतो आणि अटॅकची भीती ताजी असते. खरी परीक्षा घरी गेल्यावर. आणि नेमकं तेव्हाच आपण हात सोडतो, डिस्चार्ज कार्डवर 'धूम्रपान टाळा' एवढी एक ओळ लिहून. त्या ओळीचा मला मनापासून राग येतो.

मी डिस्चार्ज झालेल्या पेशंटना फोन करते. एका काकांना तिसऱ्या दिवशी केला, काकू म्हणाल्या गॅलरीत आहेत, तेव्हाच मला कळलं. काका लाईनवर आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, एकच ओढली." मी रागावले नाही, रागावलं की पुढचा फोन उचलतच नाहीत. विचारलं, डॉक्टरांनी दिलेलं निकोटिन गम, ते तलफ शमवणारं च्युइंगम, घेताय ना? तर म्हणे घशात जळजळतं, उचकी लागते, म्हणून बंद केलं. मग खोदून विचारलं तेव्हा समजलं की ते साध्या च्युइंगमसारखं भराभर चावत होते, म्हणजे निकोटिन गालातून शोषलं जायच्या ऐवजी लाळेबरोबर सगळं पोटात! ते सावकाश चावायचं, तोंडात झिणझिण्या आल्या की गालाच्या आत दाबून ठेवायचं, झिणझिण्या गेल्या की परत थोडं चावायचं, असं साधारण अर्धा तास, आणि आधी १५ मिनिटं चहा-कॉफी काही नाही. हे सगळं वॉर्डात सांगितलेलं होतं बरं का, पण घरी जायच्या गडबडीत कोणाच्या लक्षात राहतं?

तलफ पहिल्या आठवड्यात सगळ्यात जोरात असते, म्हणून सुरुवातीचे फोन थोड्या थोड्या दिवसांनी हवेत. पण आठवड्याने थांबूनही चालत नाही. कोक्रेन या वैद्यकीय संशोधनं एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात हेच दिसलंय, दवाखान्यात सुरू केलेलं समुपदेशन घरी गेल्यावर महिनाभराच्या वर चाललं तर सिगारेट सुटणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. बोस्टनमधल्या एका ट्रायलमध्ये (२०१४) डिस्चार्जनंतर ऑटोमॅटिक फोन आणि ९० दिवसांपर्यंत फुकट औषधं दिली, तर ६ महिन्यांनी २६ टक्के लोक सिगारेटपासून लांब होते, नुसता सल्ला मिळालेल्यांत १५ टक्के. औषध हातात देऊन पाठवणं आणि 'घ्या बरं का' म्हणणं यात एवढा फरक पडतो.

चौदाव्या दिवशी परत फोन केला, काका झोपले होते. काकू म्हणाल्या, अजून हात शर्टाच्या खिशाकडे जातो त्यांचा, पण खिशात आता गमची स्ट्रिप असते, मी रोज बघते. पुढचा फोन एकविसाव्या दिवशी, डायरीत लिहून ठेवलाय.