बायचे आईबाबा तेच आहेत

माझा धाकटा भाऊ आणि वहिनी, दोघांनाही सौम्य बौद्धिक अक्षमता आहे. भाऊ गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, कामाला जातो. पोफळींना पाणी लावणं, सुपारी वेचणं, सोलणं यात त्याला कुणी काही सांगावं लागत नाही. पण पाचशेची नोट दिल्यावर किती परत यायला हवेत, हे त्याला कळत नाही. वहिनीला अक्षरं ओळखता येतात, ओळ वाचता येत नाही, घड्याळही कळत नाही. लग्नात सगळे म्हणाले, दोघांचं छान जुळलं. वहिनीला दिवस गेले, तेव्हा तेच लोक माझ्याकडे येऊन म्हणू लागले, "मूल कोण वाढवणार?"

आज त्यांची मुलगी, आमची बाय, धावते, बोलते, आणि तिला तिचे आईबाबाच वाढवताहेत. अशी घरं गोव्यात आणखी आहेत. कुठून सुरुवात करायची हे त्यांना कुणी सांगत नाही, म्हणून लिहितेय.

बाळंतपण झालं त्या रुग्णालयाचं नाव घेत नाही. दुसऱ्या दिवशी भावाच्या हातात एक कागद देऊन सही कर म्हणून सांगितलं गेलं. त्यानं तो माझ्याकडे आणला. वहिनीच्या नसबंदीची संमती होती ती. वहिनी दोन हातांच्या अंतरावर पलंगावर होती, तिला कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. मी कागद परत केला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 चं कलम 10 स्पष्ट सांगतं, की मूल होण्याची क्षमता कायमची जाईल असा कोणताही उपचार त्या व्यक्तीनं स्वतः समजून-उमजून संमती दिल्याशिवाय करता येत नाही. त्याआधी 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चंदीगडच्या एका प्रकरणात सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रीच्या संमतीशिवाय तिचा गर्भपात करायला नकार दिला होता. पुढे आमच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सनं वहिनीला शेजारी बसवून, चित्रं दाखवून सगळे उपाय समजावले. तिनं काय निवडलं तो तिचा प्रश्न, निवडलं तिनं.

नंतर नातेवाईक सुरू झाले. मूल एखाद्या चांगल्या घरी द्या, त्याचंच कल्याण होईल. बोलणारे वाईट नव्हते, म्हणून जास्त त्रास झाला. मी कायदा पुन्हा वाचला. कलम 9 म्हणतं, दिव्यांग मुलाला केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून, न्यायालयाच्या आदेशाशिवाय आईवडिलांपासून तोडता येत नाही. पण तिथे मूल दिव्यांग आहे. आमच्याकडे आईवडील आहेत! उत्तर मिळालं ते संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारात, ज्याला भारतानं 2007 मध्ये मान्यता दिली. त्याच्या कलम 23 मध्ये मुलाचं किंवा आईवडिलांपैकी कुणाचंही दिव्यांगत्व हे मुलाला वेगळं करण्याचं कारण होऊ शकत नाही असं म्हटलंय, आणि मूल वाढवायला अशा आईवडिलांना मदत करणं सरकारचं काम ठरवलंय. आपल्या कायद्याच्या कलम 24 मध्येही दिव्यांग स्त्रियांना मुलांच्या संगोपनासाठी आधार देण्याची गोष्ट आहे. ही दोन कलमं मी कागदावर उतरवून पाकिटात ठेवली. दोन-तीन वेळा ती काढून वाचून दाखवावी लागली.

कागदपत्रांत सगळ्यात आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, करा, बाकीचं त्याच्या मागून येतं. अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरला, तपासणी बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात झाली. प्रश्नांना भाऊ घाबरला. शाळेत उत्तर चुकल्यावर हसलेली पोरं त्याला अजून आठवतात. मानसशास्त्रज्ञ बाई शांत होत्या. त्यांनी कोडी घातली, आणि तो रोजचं काय स्वतः करतो, काय नाही, हे आम्हालाही विचारलं. दोघांच्याही दाखल्यावर 50 टक्के आले. 40 च्या वर असल्यामुळे योजनांची दारं उघडली. गोवा सरकारच्या दरमहा मदतीच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसाठी गोव्यातल्या 15 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, तो आधीच काढून ठेवा. वहिनीचे पैसे वहिनीच्याच खात्यात येतात, हे मी हट्टानं करून घेतलं.

पण खरं काम कचेरीत नव्हतं, घरात होतं. आई एक सांगायची, शेजारीण दुसरं, नर्स तिसरं. आई म्हणे घुटी दे, नर्स म्हणे सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नको. वहिनी गोंधळून रडायची आणि लोक म्हणायचे, बघा, तिला जमत नाही. मी सगळ्यांना हात जोडून विनंती केली: बाळाबद्दल वहिनीला एकच माणूस सांगेल, नर्स सांगतील तेच सांगेल, आणि दर वेळी त्याच शब्दांत.

कॅनडात मॉरिस फेल्डमन नावाच्या संशोधकांनी अशा आईवडिलांना चित्रांच्या पुस्तिकांतून बाळाची देखभाल शिकवल्याचं मी वाचलं होतं. मी छापील चित्रं आणली नाहीत. वहिनीचेच फोटो काढले. कोपर बुडवून पाणी पाहताना, लंगोट बदलताना, हात धुताना. साखळी शहरात जाऊन मोठे छापून आणले आणि न्हाणीघरात, पाळण्याजवळ, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर लावले. स्वतःचे हात ते काम करताना दिसले की ती क्रम विसरत नाही.

लसीनंतरच्या तापाची मला सर्वांत धास्ती होती. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात टोचून आणलं की ताप यायचा. पॅरासिटामॉलच्या ड्रॉपरवर डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाला मी लाल नेलपॉलिशची रेघ ओढली. बायचं वजन वाढलं की डॉक्टरांना विचारून जुनी रेघ पुसायची, नवी ओढायची. वेळेसाठी मोबाइलचा गजर. आणि दिवसभरात चारपेक्षा जास्त वेळा द्यायचं नाही, हे कसं कळावं? त्यावर भावानं स्वतः उपाय काढला: दोन वाट्या, एकीत चार सुपाऱ्या. औषध दिलं की एक सुपारी दुसऱ्या वाटीत. पहिली वाटी रिकामी झाली की त्या दिवसाचं औषध संपलं, मग फोन माझ्याकडे.

सगळ्यांत अवघड होतं ते बाकीच्या माणसांना थांबवणं. बाय रडली की आई, शेजारीण, मी, सगळ्याच धावायच्या आणि वहिनी भिंतीला टेकून उभी राहायची. मग घरात नियमच केला: बाय रडली तर आधी वहिनी. गेल्या पावसात बायला जुलाब लागले, तर माझा फोन वाजेपर्यंत तिनं एक लिटरची बाटली गळ्यापर्यंत भरून ओआरएसचं आख्खं पाकीट त्यात कालवून झालं होतं. वाटी-चमच्यानं ती पाजत बसली होती.

"तू त्या दोघांची कायदेशीर पालक होऊन टाक," असं बरेच जण सुचवतात. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसारख्या व्यक्तींसाठीच्या 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे तसा अर्ज करता येतो. मी केलेला नाही. 2016 च्या कायद्यात मर्यादित पालकत्व आहे: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, पालकानं आणि त्या व्यक्तीनं मिळून, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेप्रमाणे. जमिनीच्या वाटणीचा विषय निघाला तर भावाला विचारून तेवढ्यापुरतं करू. बाकी त्याचं आयुष्य त्याचंच राहू दे.

माझ्यानंतर कोण, याची व्यवस्था अजून झालेली नाही. चुलत भावाच्या मुलीला मी हळूहळू सगळं दाखवतेय. येत्या जूनमध्ये बाय अंगणवाडीत बसेल. सेविका बाईंना वहिनीनं स्वतः जाऊन सांगितलंय, "निरोप वहीत लिहू नका, मला बोलावून सांगा." त्या लगेच हो म्हणाल्या.