अनूला सोफी आवडली नाही

एवढंच झालं. पुस्तक टेबलावर ठेवत ती म्हणाली, "मावशी, पुस्तकातली सोफी कसली खाष्ट आहे गं! सिनेमातली किती गोड होती." आणि गेली. तिच्या लेखी विषय संपला. मी मात्र तेव्हापासून आतल्या आत धुमसते आहे. कशासाठी, ते धड सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

राग अनूचा नाही. तिने जपानी दिग्दर्शक मियाझाकींचा अॅनिमेशन सिनेमा आधी पाहिला आणि तो ज्यावरून केला ती डायना विन जोन्स या इंग्रजी लेखिकेची कादंबरी नंतर हातात घेतली. कितीतरी लोकांचं हल्ली असंच होतं. कादंबरी १९८६ची, सिनेमा २००४चा. 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो बारीक पायांवर डुलत चालणारा, करकरणारा, भंगारातून जमवल्यासारखा किल्ला, आणि पाठोपाठ कानात संगीतकार जो हिसाइशींचं ते वॉल्ट्झ. पुस्तकातला किल्ला उंच, काळा आणि चार बारीक मनोऱ्यांचा होता, हे सांगायला गेलं तर लोक भिडेखातर ऐकून घेतात.

रात्री चाहत्यांनी लिहिलेलं वाचत बसले. वाचायला नको होतं असं मध्येच वाटलं, तरी वाचत राहिले. सिनेमावरून पुस्तकाकडे आलेल्यांची तक्रार साधारण एकच. किल्ल्याचा मालक, जादूगार हाउल, इतका पोरकट, इतका नटवा कसा? मुलींना प्रेमात पाडतो आणि लगेच पळ काढतो, हा कसला नायक? छपरांवरून हवेत चालत जाण्याचा तो प्रसंग पुस्तकात का नाही? (खरंच नाही. पुस्तकात ते दोघं मे महिन्याच्या सणात, गर्दीच्या रस्त्यावर भेटतात, आणि सोफी घाबरून त्याला टाळते.) युद्ध कुठे आहे? आणि ही दोघं सारखी वाद काय घालत असतात?

दुसरीकडे पुस्तकवाले, म्हणजे माझेच लोक. त्यांचा संताप मोठा. सोफीची जादू काढून घेतली. तीन बहिणींतली मार्था गाळलीच. हाउलच्या हाताखाली शिकणाऱ्या, पंधरा वर्षांच्या, प्रेमात पडलेल्या मायकेलचा इवलासा मार्कल करून टाकला. खलनायिका असलेल्या चेटकिणीला म्हातारी करून चुलीपाशी बसवलं. हाउल मुळात जिथला, ते वेल्स पुसून टाकलं. यातलं प्रत्येक वाक्य मला मान्य आहे. ते वाचून आपल्या बाजूचे लोक भेटल्याचं समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही. काय काय कापलं याचा हिशोब तिथे पैन्‌पै होता, पण कापण्याआधीची ती सोफी आपल्याला का हवी होती, याबद्दल क्वचितच कुणी बोलत होतं. मला ते हवं होतं. ती खाष्टच का हवी, हे कुणीतरी बोलायला हवं होतं.

इंगरी नावाच्या त्या देशात तीन भावंडांतलं थोरलं असणं म्हणजे दुर्दैव. नशीब काढायला तिघं बाहेर पडली तर थोरल्याची फजिती सर्वांत आधी आणि सर्वांत वाईट होणार, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. सोफी थोरली. तिने ते इतकं मनावर घेतलंय की नशीब काढायला ती निघतच नाही. टोप्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून टोप्या शिवते आणि बोलायला कुणी नाही म्हणून टोप्यांशीच बोलते. तुझं असं होईल, तुझं तसं होईल, असं एकेकीला सांगत बसते, आणि ती टोपी घेणाऱ्या बाईच्या आयुष्यात ते खरं होतं! सोफीच्या बोलण्यातच जादू आहे आणि सोफीला त्याचा पत्ता नाही. मग शाप लागतो, तिची नव्वदीची म्हातारी होते, आणि ती एकदम निर्भय होते. दुसऱ्याच्या घरात शिरते, झाडू हातात घेते, हाउलला फैलावर घेते, रागाच्या भरात त्याचे कपडे कात्रीने कापते, सगळ्या गोष्टींत नाक खुपसते.

तीन बहिणींतली थोरली असणं काय असतं ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. इतकंच लिहिते की आवाज चढवण्याची मुभा सोफीला नव्वदीचं शरीर मिळाल्यावर मिळाली, आणि ते वाचताना मला जे वाटलं होतं ते दुसऱ्या कुठल्या पुस्तकाने कधी वाटायला लावलं नाही.

तेच अनूला आवडलं नाही.

आता इतकं लिहिल्यावर कळतंय की नेमकं तेच लागलं आहे. सिनेमातल्या सोफीला सगळे जवळ करतात. ती समंजस आहे, प्रेमळ आहे, आपण दिसायला सुंदर नाही म्हणून रडते. तिच्यावर प्रेम करणं सोपं आहे. पुस्तकातलीवर करायचं तर तिचा तापटपणा, तिची चौकशी, तिचं चुकीचं ठरवून मोकळं होणं, सगळंच पत्करावं लागतं. जगाने सोपी निवडली. थोरल्या, कटकट्या, बोलून जीव घालणाऱ्या बाईला वगळूनच लोकांना ती गोष्ट हवी होती की काय, असं रात्रभर वाटत राहिलं. आणि त्याहून वाईट म्हणजे माझ्या डोक्यातली सोफीसुद्धा पुसट होत चालली आहे. पुस्तकात तिचे केस तांबूस सोनेरी आहेत. आता पान उघडलं की रुपेरी केसांची मुलगी समोर येते, तीच वेणी, तीच टोपी. माझ्याकडे जो चेहरा होता तो मी कुठून आणला होता ते आता आठवत नाही, आणि तो परत आणता येत नाही. कुणी मागितला नव्हता, कुणी चोरला नाही, तरी गेला.

म्हणून पुस्तक उघडलं. मला पुरावा हवा होता, कुणासाठी ते माहीत नाही. शेवटाकडे हाउल तिला सांगतो की तुझ्यावरचा शाप उतरवायचा मी अनेकदा प्रयत्न केला, काही उपयोग झाला नाही, शेवटी वाटलं की तुला वेषांतर करून राहणंच आवडत असावं. इतक्या वेळा वाचलेली जागा. शाप चेटकिणीचा, पण तो टिकवून धरला तो सोफीच्या स्वतःच्या जादूने.

आणि सिनेमा आठवला. सिनेमातली सोफी एका वयाची राहतच नाही. झोपली की तरुण दिसते. राजवाड्यात राजाच्या जादूगारणीसमोर, मादाम सुलिमानसमोर, हाउलची बाजू घेऊन तावातावाने बोलते तेव्हा सुरकुत्या विरतात, पाठ ताठ होते, आणि तू त्याच्या प्रेमात आहेस असं समोरून आलं की त्या क्षणी पुन्हा म्हातारी. फुलांच्या माळावर हाउल तिला सुंदर म्हणतो तेव्हाही तेच. म्हातारपणात ती लपते. कुणी तिला पाहिलं की आत शिरते आणि दार लावून घेते. पुस्तकात हे एका वाक्यात सांगितलं आहे. सिनेमा ते चेहऱ्यावर दाखवत राहतो, जवळजवळ प्रत्येक प्रसंगात, अवाक्षर न बोलता. मूळ जपानीत तरुण सोफी आणि म्हातारी सोफी या दोघींचा आवाज एकाच बाईंचा आहे, चिएको बाइशो यांचा. तेव्हा त्या साठी ओलांडलेल्या होत्या. अठराचा आवाज आणि नव्वदीचा आवाज एकाच गळ्यातून, म्हणजे ती बाई एकच आहे हे कानालाही कळत राहतं. इंग्रजी आवृत्तीत दोन वेगळ्या अभिनेत्री आहेत. अनूने इंग्रजीच पाहिला आहे. तिला एकदा जपानी दाखवला पाहिजे.

मियाझाकींनी ते वाक्य वाचलं होतं. हे माझं अनुमान आहे, पण मला ते पुरेसं आहे. ज्या जागेवर मी इतकी वर्षं थांबत आले त्याच जागेवर तेही थांबले असणार. जादू काढून घेतली हे खरं, पण त्या जादूमागची ती भीती त्यांनी काढली नाही.

यानंतर जरा हलकं वाटलं. पूर्ण नाही. चुलीतला अग्निराक्षस कॅल्सिफर आणि हाउल यांच्यातला करार दोन्हीकडे सोफीच मोडते, पण पुस्तकात ती त्याला बोलून जगवते, ज्या तोंडाने टोप्यांना भविष्य सांगितलं त्याच तोंडाने. तिथे तिचं बोलणं, तिची ती सगळी बडबड सार्थकी लागते. सिनेमात तसं होत नाही. तिथे प्रेमाने होतं. प्रेमाने होणाऱ्या गोष्टी जगात खूप आहेत.

जोन्सबाईंना सिनेमा आवडला होता. आपण पुस्तकं लिहितो, सिनेमे नाही, असं त्या म्हणत. तो वेगळा असणार आणि तसाच असायला हवा, अशी त्यांची भूमिका होती. 'अर्थसी' कादंबऱ्यांच्या लेखिका उर्सुला ले ग्विन यांचंही आठवलं. त्यांच्यावरचा जिब्लीचा, म्हणजे मियाझाकींच्याच स्टुडिओचा, सिनेमा २००६ साली आला, तेव्हा त्यांनी मियाझाकींच्या मुलाला, गोरोंना सांगितलं होतं की हे माझं पुस्तक नाही, हा तुमचा सिनेमा आहे, आणि सिनेमा चांगला आहे. नंतर आपल्या हरकतीही सविस्तर मांडल्या. लेखिकेला असं म्हणता येतं. तिचं पुस्तक तिच्याकडेच राहतं, कुणी काही केलं तरी. वाचकाकडे काय राहतं? मी त्यात एक अक्षरही लिहिलेलं नाही आणि तरी ते माझं होतं.

पण हे लिहितानाच अर्पणपत्रिका आठवली. जोन्स एका शाळेत गेल्या होत्या, तिथल्या एका मुलाने त्यांना सांगितलं की 'चालता किल्ला' नावाचं पुस्तक लिहा. त्यांनी त्याचं नाव लिहून घेतलं आणि इतकं जपून ठेवलं की पुन्हा कधी सापडलंच नाही. त्याचे आभार मानून पुस्तक सुरू होतं. त्या मुलाच्या मनातला किल्ला कसा होता? काळा होता का, त्याला पाय होते का? त्याने नंतर पुस्तक वाचलं असेल तर त्यालाही असंच वाटलं असेल का, की हा माझा नव्हे? त्याच्या हातातून तो जोन्सकडे आला, त्यांच्याकडून माझ्याकडे आणि मियाझाकींकडे, आणि आता अनूकडे. मी त्यात मधलीच कुणीतरी. हे कबूल करायला तितकं जड गेलं नाही.

युद्धाबद्दलही एक लिहून ठेवते, कारण पुस्तकवाले त्यावर फार चिडतात. पुस्तकात युद्धाची नुसती कुणकुण आहे. सिनेमात आकाश पेटलेलं आहे. जोन्सचा जन्म १९३४चा, मियाझाकींचा १९४१चा. दोघंही दुसऱ्या महायुद्धातली मुलं. जोन्सनी स्वतःच म्हटलं होतं की त्या अनुभवातून आम्ही दोघं उलट दिशांना गेलो, मी प्रत्यक्ष युद्ध गाळते आणि ते दाखवतात. इराकवरच्या हल्ल्याचा मियाझाकींना किती राग होता हे तर सर्वश्रुत आहे. तेव्हा ते युद्ध सिनेमात उगाच घुसडलंय असं मी म्हणणार नाही.

पण त्यासाठी जे दार वापरलं, त्याबद्दल मात्र मी भांडेन.

किल्ल्याच्या दाराच्या मुठीवर चार रंग, आणि रंग बदलला की दार वेगळ्याच जागी उघडतं. काळा रंग खाली केला की सिनेमात दार अंधारात आणि आगीत उघडतं. पुस्तकात तेच दार वेल्समध्ये उघडतं, आपल्याच काळातल्या एका साध्या घरापाशी. तिथे हाउलचं नाव हॉवेल जेंकिन्स आहे. अंगात रग्बीचं नाव छापलेलं ढगळ जर्सीसारखं काहीतरी, घरात टीव्ही, भाचा संगणकावर खेळ खेळतो आहे आणि त्या खेळातही चार दारांचा किल्ला आहे. आणि बहीण आहे, मेगन. ती त्याला आल्या आल्या बोलायला सुरुवात करते. इतकं शिकलास आणि वाया घालवलंस, ना धड नोकरी, ना काही. इंगरीत हा मुलींची काळजं खातो अशी अफवा, म्हणून आया आपल्या मुलींना एकटं बाहेर पाठवत नाहीत. इथे त्याला उलट उत्तर सुचत नाही. सोफी बाजूला उभी राहून हे सगळं पाहते. त्या रंगीत कपड्यांच्या, केसांच्या, पळून जाण्याच्या मागे काय आहे ते तिला तिथे पहिल्यांदा दिसतं.

या एका भेटीने मला हाउल कळला होता. पोरकट म्हणणाऱ्यांनी मेगनच्या बैठकीत थोडा वेळ काढून पाहावा. भाचरांवर त्याचा किती जीव आहे ते पाहावं, आणि मेगन दुष्ट नाही हेही पाहावं. काळजी करणारी माणसंसुद्धा असंच बोलतात. तेही खरं असतं आणि ऐकणाऱ्याचं दुखणंही खरं असतं. बाकी कुठल्याही प्रसंगावाचून माझं चालेल. मार्था गेली तरी चालेल, मायकेल लहान झाला तरी चालेल. सिनेमात मेगन हवी होती.