आत्या आणि माल्ट

"अरे, ही तर करपलेली कॉफी!" काळा दाणा दाताखाली फोडून आई म्हणाली.

मामेभाऊ म्युनिकहून सुट्टीवर आलाय. तिकडे तो घरी बिअर बनवतो, वीस लिटरला साधारण पाच किलो माल्ट. आमच्या सदाशिव पेठेतल्या ओट्यावर त्याने माल्टच्या तीन पुड्या सोडल्या. पुढची रेसिपी ठरत नव्हती. मोबाइलवर दहा-बारा उघडलेल्या, कडूपणाचे आकडे, रंगाचे आकडे.

"जवाला मोड आणून वाळवलेत ना? नाचणीला आणतो तसेच. मग आधी चावून बघ की, आकडे कसले वाचतोस!"

फिकट दाणा तिला बिस्किटासारखा लागला. तांबूस मात्र चिक्कीसारखा. बोलता बोलता तिने तो दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा उचलला. (बिअर आयुष्यात चाखलेली नाही, हं.)

"ठरलं आत्या, तांबूसच. आणि 65 ऐवजी 68 अंशांच्या गरम पाण्यात भिजवतो, गोडसरपणा राहील."

मी बाणेरला मित्रांसोबत बसतो तेव्हा शेजारच्याने मागवलेलीच मागवतो. इतकी वर्षं. मला स्वतःला कुठली आवडते, हे काल रात्री आठवून बघितलं, आठवेना.

तुम्हाला सांगता येईल?